एका पोटकलमाची कहाणी

माहिती अधिकाराच्या अर्जाला येणाऱ्या नकाराचं एक ठरलेलं वाक्य आहे. 'मागितलेली माहिती तृतीय पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही.' पंचायत समिती असो, महापालिका असो की मंत्रालय, वाक्य तेच. जावक क्रमांक आणि तारीख तेवढी बदलते. अर्ज एखाद्या अभियंत्याच्या चौकशी अहवालासाठी असेल, शिक्षकाच्या जात पडताळणीच्या कागदांसाठी असेल किंवा कुणाच्या बदलीच्या आदेशासाठी, ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला हे पोटकलम तोंडपाठ असतं. कायद्यातली इतर तीस कलमं त्याने वाचली असतील की नाही, याची मात्र खात्री देता येत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा कायदा तसा छोटा आहे. कलमं सारी ३१. तीस दिवसांत माहिती द्यायची, प्रश्न जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्जदाराने माहिती का हवी आहे ते सांगण्याची गरज नाही. उशीर केला तर जन माहिती अधिकाऱ्याच्या पगारातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. हे सगळं आता बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. पण माहिती देण्याच्या कायद्याची ताकद तो काय देतो यावरून कळत नाही, तो काय रोखू देतो यावरून कळते. म्हणून या कायद्याचं खरं चरित्र कलम ८ मध्ये आहे. त्याच्या पहिल्या उपकलमात (ए) पासून (जे) पर्यंत दहा अपवाद आहेत: देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग, व्यापारी गुपितं, विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती, चालू तपास, मंत्रिमंडळाची कागदपत्रं आणि शेवटी वैयक्तिक माहिती. न्यायालयांचा सगळ्यात जास्त घाम या शेवटच्या अपवादावर गळला आहे.

मुळात माहितीचा हक्क कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी न्यायालयात उच्चारला गेला. इंदिरा गांधींच्या निवडणुकीला राज नारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. त्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेचे नियम असलेली 'ब्लू बुक' मागवली गेली आणि सरकारने विशेषाधिकार सांगून ती द्यायला नकार दिला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. के. मॅथ्यू यांनी लिहिलं की, लोकांच्या सेवकांनी सार्वजनिकरीत्या केलेलं प्रत्येक काम जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. हा उतारा आज प्रत्येक याचिकेत असतो. त्या फेरीत अपील मात्र सरकारचंच मंजूर झालं होतं, हे कुणी फारसं सांगत नाही. पुढे १९८१ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुका-बदल्यांच्या खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी हा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधूनच येतो असं स्पष्ट केलं आणि सरकारने दडवलेला पत्रव्यवहार उघड करायला लावला.

हक्क सांगितला गेला, पण तो वापरायचा कसा, कुणाकडे अर्ज करायचा, किती दिवस वाट पाहायची, हे ठरायला कायदा लागणार होता. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने गावच्या कामांच्या हजेरीपटांसाठी आंदोलन उभं केलं. गोवा आणि तमिळनाडूने १९९७ मध्येच आपापले कायदे केले. महाराष्ट्रात २००० सालच्या दुबळ्या कायद्यावर टीका झाली, अण्णा हजारे यांची उपोषणं झाली आणि २००२ चा बराच दमदार कायदा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. म्हणजे आपल्याकडच्या अर्जदाराला या विषयात देशातल्या इतरांपेक्षा थोडा जास्त सराव होता. मोठे खटलेही त्यामुळे इथूनच निघाले.

आता पोटकलम (जे). २००५ चा मूळ मजकूर तीन पायऱ्यांचा होता. वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण ती कोणत्याही सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंधित नसेल तरच, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होणार असेल तरच. ही दुसरी पायरी. तिसरी अशी की, घुसखोरी होत असली तरी व्यापक लोकहित त्याहून मोठं असेल तर माहिती द्यावीच लागेल. एवढं करून कायदा करणारे थांबले नाहीत. खाली त्यांनी एक परंतुक जोडलं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही.

या परंतुकात केवढा अर्थ भरला आहे ते पाहा. अधिवेशनात एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकला की अमुक खात्यातल्या किती अधिकाऱ्यांवर लाचेचे गुन्हे आहेत आणि त्यांच्या चौकशीचं काय झालं. 'ही त्यांची खासगी बाब आहे' असं उत्तर मंत्री देऊ शकेल का? सभागृह डोक्यावर घेतलं जाईल. मग आमदाराला जे सांगावं लागतं ते आमदाराला निवडून देणाऱ्याला का सांगू नये? अपवादाच्या तळाशी बसवलेली ही एक साधी कसोटी होती, आणि माझ्या मते कायद्यातलं सगळ्यात लोकशाहीवादी वाक्यही तेच होतं.

या कसोटीचा पहिला मोठा वापर मुंबई उच्च न्यायालयात झाला. लाकूड गिरण्यांच्या परवान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश डावलल्याबद्दल महाराष्ट्राचे माजी वनमंत्री स्वरूपसिंग नाईक यांना मे २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी एक महिन्याची कैद झाली. वन खात्याच्या प्रधान सचिवांनाही तीच शिक्षा झाली. नाईकांच्या शिक्षेतले बरेच दिवस कोठडीत न जाता मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेल्याच्या बातम्या आल्या. एका नागरिकाने त्यांच्या उपचारांचे कागद मागितले. आजार खरा होता का, एवढंच त्याला पाहायचं होतं. प्रश्न नाजूक होता. रुग्णाचे कागद याहून खासगी काय असणार? वैद्यकीय परिषदेचे नियमही डॉक्टरांना गुप्ततेने बांधतात.

मार्च २००७ मध्ये न्यायालयाने जे तत्त्व घालून दिलं त्यात ही सगळी गुंतागुंत धरलेली आहे. रुग्णाची गुप्तता मोलाची आहे, पण परिषदेचे नियम आणि संसदेचा कायदा यांच्यात विसंगती असेल तर कायदाच वरचढ ठरेल. शिक्षा भोगणारा माणूस राज्याच्या ताब्यात असतो, तो रुग्णालयात का आहे याचा जाब विधानसभा विचारू शकते. म्हणून कैद्याच्या उपचारांची माहिती एरवी द्यावी, नाकारायची तर अपवादाने आणि सबळ कारण नोंदवून. सामान्य रुग्णाचे कागद यातून खुले झाले नाहीत, त्यांचं संरक्षण तसंच राहिलं. कायदा लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं आणि पोटकलम (जे) कसं वाचावं याचा वस्तुपाठ तयार होता.

पाच वर्षांनी दुसरं प्रकरण दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेही महाराष्ट्रातूनच, अकोल्याहून. भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, त्याची मालमत्ता, गुंतवणूक आणि मिळालेल्या भेटवस्तू यांची माहिती अर्जदाराला हवी होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. दीपक मिश्रा यांच्या खंडपीठाने विशेष अनुमती याचिका फेटाळली. कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यातली बाब आहे, मेमो आणि शिक्षा ही वैयक्तिक माहिती आहे, प्राप्तिकर विवरणपत्रंही तशीच, आणि ती उघड करण्याएवढं व्यापक लोकहित अर्जदाराने दाखवलेलं नाही, असा हा निकाल. माहिती अधिकाराच्या वर्तुळात तो 'गिरीश देशपांडे निकाल' म्हणून ओळखला जातो. ज्या अर्जदाराला माहिती मिळाली नाही, त्याचंच नाव नकाराच्या प्रत्येक पत्रावर फिरत राहिलं.

प्राप्तिकर विवरणपत्राबद्दल न्यायालयाशी वाद घालण्याचं कारण नाही. नोकरदाराची बचत आणि कर्ज ही त्याच्या घरची गोष्ट आहे. पण मेमो? जनतेच्या पैशाने पगार घेणाऱ्याला कामातल्या कसुरीबद्दल जनतेच्याच कार्यालयाने दिलेला कागद खासगी कसा? इथला 'मालक' कोण, हा प्रश्न निकालाने विचारलाच नाही. आणि परंतुकाची कसोटी, आमदाराला सांगावं लागेल की नाही ही, तिचा या छोट्या आदेशात विचारच नाही. त्याआधी १९९४ मध्ये, 'ऑटो शंकर' प्रकरण म्हणून गाजलेल्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं की सार्वजनिक अभिलेखात आलेल्या गोष्टींवर खासगीपणाचा दावा एरवी टिकत नाही, आणि सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांबाबत अधिकाऱ्याला तो सांगता येत नाही. तो निकालही इथे बाजूला राहिला. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी अनेक वर्षं जाहीरपणे सांगत आले आहेत की हा निकाल कायद्याच्या शब्दांना धरून नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं.

पण सर्वोच्च न्यायालयाचं वाक्य एकदा उच्चारलं गेलं की ते खाली वाहत जातं. २०१३ मध्ये गोपनीय अहवालांच्या प्रकरणात त्याचा आधार घेतला गेला, २०१७ मध्ये कॅनरा बँकेतल्या कारकुनांच्या बदल्यांच्या प्रकरणात पुन्हा घेतला गेला. जन माहिती अधिकाऱ्यांना तर आयतं हत्यार मिळालं. मूळ पोटकलमात 'वैयक्तिक' हा शब्द विचाराची सुरुवात होता, त्यानंतर तीन प्रश्न विचारायचे होते. आता तोच शब्द शेवट झाला.

न्यायालयांनी दारं फक्त बंदच केली असं म्हणणं मात्र अन्याय होईल. २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला. परीक्षा मंडळांचं 'विश्वासाचं नातं' हे कारण टिकलं नाही. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या तपासणी अहवालांसाठी हेच कारण पुढे केलं, तेव्हा न्या. एम. वाय. इक्बाल यांच्या खंडपीठाने ठणकावलं की रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य ठेवीदार आणि जनता यांच्याप्रती आहे, बँकांची अब्रू झाकणं हे तिचं काम नाही. पण सीबीएसईच्याच निकालात एक शेपूट आहे. अंदाधुंद अर्जांमुळे सार्वजनिक कार्यालयांतले ७५ टक्के कर्मचारी आपला ७५ टक्के वेळ नेहमीची कामं सोडून माहिती गोळा करण्यात घालवत आहेत अशी परिस्थिती देशाला नको, असं तिथे म्हटलं आहे. हा आकडा कुठल्या पाहणीतून आलेला नाही, ती बोलण्याची एक तऱ्हा होती. तरी विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका देणाऱ्या भागापेक्षा हाच परिच्छेद कार्यालयांच्या उत्तरांत अधिक उद्धृत होतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा सेल्सा पिंटो निकालही असाच रोजच्या वापरातला. 'माहिती' म्हणजे जे कागदावर आहे ते. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं स्पष्टीकरण मागता येत नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. अर्ज लिहिणाऱ्याने 'रस्ता का झाला नाही' असं विचारण्याऐवजी 'या रस्त्याच्या नस्तीतल्या सर्व टिपण्यांच्या प्रती' मागाव्यात. पहिल्या प्रश्नाला नकार येतो, दुसऱ्यातून बहुधा 'का' चं उत्तर निघतं.

सगळ्यात गमतीचा खटला सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःचाच. न्यायाधीश आपली मालमत्ता सरन्यायाधीशांना कळवतात का, एवढाच प्रश्न २००७ मध्ये एका अर्जाने विचारला होता. नकार, मग माहिती आयोगाचा आदेश, मग दिल्ली उच्च न्यायालय. तिथे २००९ मध्ये न्या. रवींद्र भट यांनी आणि जानेवारी २०१० मध्ये मूळचे सोलापूरचे, मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह यांच्या पूर्णपीठाने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या माहिती अधिकाऱ्याने अपील केलं, सर्वोच्च न्यायालयाकडेच. घटनापीठाचा निकाल १३ नोव्हेंबर २०१९ रोजी लागला. तीस दिवसांत उत्तर द्यायच्या कायद्याखाली बारा वर्षं. सरन्यायाधीशांचं कार्यालय कायद्याच्या कक्षेत येतं हे मान्य झालं. खासगीपणा आणि लोकहित यांची प्रत्येक वेळी तुलना करायची हेही ठरलं. पण त्याच निकालात न्या. संजीव खन्ना यांनी वैयक्तिक माहितीची जी लांब यादी दिली, तिच्यात सेवेतली कामगिरी, मूल्यमापन अहवाल आणि शिस्तभंगाची कारवाईही बसवली. देशपांडे निकाल अशा रीतीने घटनापीठाच्या शाईत उतरला. निदान लोकहिताच्या कसोटीची पायरी त्यात शाबूत होती.

ती पायरी पुढे संसदेने काढली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये जाहीर केल्यावर विदा संरक्षणाचा कायदा लागणार होता, आणि तो गरजेचाही होता. आपले आधार क्रमांक, फोन, आजार यांचा बाजार मांडणाऱ्या कंपन्यांना आवर घालायलाच हवा. मात्र या विषयावर आधी नेमलेल्या दोन समित्यांनी माहिती अधिकाराला धक्का न लावण्याचीच काळजी घेतली होती. २०१२ मध्ये न्या. अजित प्रकाश शाह यांच्या तज्ज्ञगटाने खासगीपणाच्या कायद्याने माहिती अधिकार आकसू नये असं सांगितलं. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्या परिचयाचे असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या मसुद्यात पोटकलम (जे) बदलायला सुचवलं, पण तुलना कायम ठेवून: व्यक्तीला होणारी हानी लोकहितापेक्षा जास्त असेल तरच नकार.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सारं बाजूला ठेवलं. पोटकलम (जे) च्या जागी आता एवढंच उरलं: वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, घुसखोरी विनाकारण आहे का, हे प्रश्न गेले, आणि विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारायचं नाही हे परंतुकही गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर हा बदल अमलात आला. सरकारचं म्हणणं असं की कलम ८(२) अजून आहे, त्यात लोकहित मोठं असेल तर अपवादात बसणारी कोणतीही माहिती देता येते. हे खरं आहे. पण पूर्वी नकार देणाऱ्याला आधी सिद्ध करावं लागे की माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही; आता मागणाऱ्याला सिद्ध करावं लागेल की तिच्यावाचून लोकहित अडलंय. हातात कागद नसताना त्या कागदातलं लोकहित कसं दाखवायचं? शिधापत्रिकेवरची नावं, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराचं नाव, सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, यातलं काय वैयक्तिक नाही? रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं सापडली ती नावं वाचता आली म्हणूनच.

यापुढे काय होईल ते पुन्हा न्यायालयांवरच आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम २३ सांगतं की माहिती आयोगाच्या आदेशांविरुद्ध दावा दाखल होणार नाही. पण घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा रस्ता कोणताही कायदा बंद करू शकत नाही, आणि स्वरूपसिंग नाईक प्रकरण त्याच रस्त्याने गेलं होतं.

तोपर्यंत अर्ज करणाऱ्यांसाठी कामाच्या काही गोष्टी. अर्जातच कलम ८(२) लिहून लोकहित काय आहे ते दोन वाक्यांत नोंदवा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, हे ध्यानात ठेवून. कागदात काही भाग खासगी असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा काळा करून बाकीचा द्या, असं मागा. तृतीय पक्षाने हरकत घेतली म्हणून माहिती बंद होत नाही. कलम ११ त्याला म्हणणं मांडू देतं, नकाराधिकार देत नाही. पतसंस्था, साखर कारखाना किंवा गृहनिर्माण संस्था यांना बहुधा थेट अर्ज करता येत नाही, कारण सरकारचा भरीव पैसा नसलेल्या सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरणं नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात ठरवलं. पण सहकार कायद्याखाली जे कागद निबंधकाला मागवता येतात, ते निबंधकाकडे अर्ज करून तुम्हालाही मागता येतात, हे त्याच निकालात आहे. आणि नकाराचं ते ठरलेलं वाक्य आलं, तर पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत जोडपत्र 'ब' भरून, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.